त्याच्या सहीवर

गुणवंत : ...थांब, घाई करू नको. सरकारच्या पत्रावर तारीख कुठली आहे? तुला मिळालं ती नको, पत्रावर छापलेली सांग.

वृंदा : बाबा, तारखेचं काय घेऊन बसलात? नोकरी गेलीय माझी.

गुणवंत : सगळं तारखेवरच चालतं. तेहतीस वर्षं परदेशी माणसांचे व्हिसाचे कागद तपासलेत मी. वाच.

वृंदा : सात मे.

गुणवंत : साठ दिवस म्हणजे सहा जुलै. आज अठरा. अकरा गेले, एकोणपन्नास उरले.

अरुणा : अहो, तिला श्वास तरी घेऊ द्या. वृंदा, मला नीट सांग गं. तू लहान मुलांचे कान तपासतेस, तिथले आईबाप तुला कार्डं पाठवतात, मग काढलं कशाला?

वृंदा : काढलं नाही, आई. क्लिनिकला बाहेरच्या देशातली माणसं ठेवायची परमिशन होती, ती सरकारने काढून घेतली. त्यांचेच पेपर्स गडबड होते. आता माझा व्हिसा पण, यार, त्या परमिशनवरच टांगलेला होता ना. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर दुसरा व्हिसा, नाहीतर सामान बांधा.

अरुणा : मग श्याम आहे की! त्याचा व्हिसा पक्का आहे ना?

वृंदा : त्याचा आहे. दोन वर्षं अजून.

अरुणा : मग झालं तर. मी उगाच घाबरले. बघा, माझे हात अजून गार आहेत, आणि बाहेर चव्वेचाळीस डिग्री.

गुणवंत : तिथे लीड्समध्ये राहूनच व्हिसा बदलता येतो ना? की इकडे येऊन अर्ज करावा लागतो?

वृंदा : तिथेच होतं. म्हणजे इथेच. पार्टनरचा डिपेंडंट व्हिसा, नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो. ऑनलाइन फॉर्म, लग्नाचं सर्टिफिकेट, त्याच्या व्हिसाचे डिटेल्स, त्याचं लेटर. आणि दोघांच्या नावावरची बिलं, एका पत्त्यावरची.

गुणवंत : मग उद्याच भर. अर्ज आत गेला की निकाल लागेपर्यंत कोणी हात लावत नाही. मुदत संपायच्या आत मात्र गेला पाहिजे. श्यामला दे, मी बोलतो.

वृंदा : तो नाहीये इथे.

अरुणा : रविवारी सकाळी कुठे गेला? आणि मागे कसला गं आवाज येतोय, गिरणी चालल्यासारखा?

वृंदा : लॉन्ड्रीत आहे मी. कपडे धुवायला आलेय.

अरुणा : घरचं मशीन बिघडलं?

वृंदा : हो. आई, माझं मशीन थांबलं, ठेवते. बाबा, लेटरचा फोटो पाठवते तुम्हाला. चलो, बाय.

*

गुणवंत : अरुणा, ते कणीक भिजवणं राहू दे. इकडे ये.

अरुणा : हात भरलेत. काय आहे?

गुणवंत : हे पत्र बघ. चष्मा घाल. पत्ता वाच.

अरुणा : फ्लॅट नाही, घर नंबर सोळा... हा कुठला रस्ता? आपण दिवाळीचा फराळ पाठवतो तो हा नव्हे.

गुणवंत : नव्हे. त्यांचा फ्लॅट गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. सरकारी पत्र आहे हे. माणसाने स्वतःहून कळवल्याशिवाय सरकारी पत्रावरचा पत्ता बदलत नाही.

अरुणा : घर बदललं असेल त्यांनी.

गुणवंत : आणि आपल्याला सांगितलं नाही? पडद्याचा रंग विचारायला अर्धा तास फोन करणारी पोरगी?

अरुणा : अहो, तुम्ही घरातसुद्धा फाइल उघडता. नवरा-बायकोत थोडं काही झालं असेल. श्याम तसा नाही. दिल्लीत मुनिरकाच्या त्या खोलीत राहायचा तेव्हा दर रविवारी दोन बस बदलून गाझियाबादला माझ्या हातचं वरण खायला यायचा. नागपूरची आई लांब आहे म्हणून मला आई म्हणायला लागला, लग्नाच्या कितीतरी आधी.

गुणवंत : दोन महिने झाले, तो व्हिडिओवर दिसलेला नाही.

अरुणा : कामात असेल.

गुणवंत : ती ‘घरी’ असं एकदाही म्हणाली नाही. तू ऐकलंस का? ‘इथे’ म्हणते, ‘तिथे’ म्हणते.

अरुणा : मी नाही ऐकलं. आणि तुम्हीही ऐकू नका असं काही. मला भीती वाटते.

*

गुणवंत : आई शेजारीच बसलीय. स्पीकरवर आहेस. बोल.

वृंदा : आई रडेल.

अरुणा : नाही रडत. बोल तू.

वृंदा : मी मार्चपासून वेगळी राहतेय. एका बाईंच्या घरी, वरची खोली. मिसेस डॉसन नाव आहे, ऐंशीच्या आहेत. क्लिनिकमध्ये कानाच्या मशीनसाठी यायच्या माझ्याकडे.

अरुणा : मार्च? अगं, आता जून लागला. तीन महिने?

वृंदा : कसं सांगू, तेच कळत नव्हतं.

गुणवंत : हात उचलला का त्याने?

वृंदा : एकदा.

गुणवंत : वृंदा.

वृंदा : दोनदा. पण ते नाही, बाबा. ते तर मी समजू शकते, म्हणजे समजवू शकते दुसऱ्याला. बाकीचं समजवता येत नाही. तो दारात उभा राहायचा. मी कामाला निघाले की दारात उभा. काही बोलायचा नाही. ‘सरक ना, श्याम, बस जाईल.’ हसायचा. कधी दहा मिनिटं, कधी तासभर. मग एकदम बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, ‘जा की, मी कुठे अडवलंय?’ रोज नाही हं. कुठल्या दिवशी ते माहीत नसायचं. मी रात्रभर घड्याळ बघत पडायचे, की उद्या उभा असेल का.

अरुणा : देवा रे.

वृंदा : एकदा बूट लपवले. एकदा माझा फोन भांड्यात टाकून वर पाणी ओतलं, आणि मला म्हणाला, तूच टाकलास, विसरलीस. मी दोन दिवस खरंच विचार करत होते, की मीच टाकला का.

गुणवंत : आता त्याचं म्हणणं काय आहे?

वृंदा : क्लिनिकचं त्याला कुठून तरी कळलं. तेव्हापासून इतका गोड बोलतोय, बाबा, की अंगावर काटा येतो. म्हणतो, परत ये, सगळे पेपर्स देतो. आधी ये. पासपोर्ट घेऊन ये, तो माझ्या कपाटात राहील. बाकीचे जॉब इंटरव्ह्यू बंद कर, डिपेंडंटला नोकरी कशाला पाहिजे? आणि सही शेवटच्या आठवड्यात करीन, तोपर्यंत तू नीट राहतेस का बघतो.

अरुणा : असं म्हणाला? श्याम?

वृंदा : आई, तुझ्याशी बोलतो तो श्याम वेगळा आहे.

अरुणा : मग ये तू निघून. आजच तिकीट काढ.

वृंदा : आणि? पाच वर्षं, आई. मी तिथली, म्हणजे इथली, परीक्षा दिली, रात्रीची नोकरी करून फी भरली. लीड्समध्ये तीनशे मुलं आहेत ज्यांना मी पहिल्यांदा आवाज ऐकवला. तो एका जागी उभा राहून माझ्याकडून हे सगळं घेणार? एका दुसऱ्या हॉस्पिटलला इंटरव्ह्यू दिलाय मी, दुसरा राउंड आहे. ते व्हिसा देऊ शकतात. नाही झालं तर... कधीकधी वाटतं जावं परत. फक्त कागदापुरतं. एकदा व्हिसा हातात आला की बघू.

गुणवंत : नाही.

वृंदा : बाबा, फक्त दोन-तीन महिने.

गुणवंत : नाही म्हटलं ना. ऐक. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. माझ्या खिडकीवर एक बाई यायची. फिलिपिन्सची. नवरा नोएडाला एका कारखान्यात इंजिनिअर, ही त्याच्या व्हिसावर अवलंबून. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, साहेब, माझा पासपोर्ट नवऱ्याने ठेवून घेतलाय, देत नाही, मी काय करू? मी म्हटलं, पासपोर्टशिवाय मी तुमचं काही ऐकू शकत नाही. पति को साथ लेकर आइए. तसाच नियम होता. मागे चाळीस माणसांची रांग होती.

अरुणा : मग?

गुणवंत : तीन आठवड्यांनी नवऱ्याचं पत्र आलं. एक पानी. ही माझ्याबरोबर राहत नाही, हिची जबाबदारी मी काढून घेतो. बस. त्या एका पानावर तिला देश सोडायची नोटीस निघाली. मीच टाइप केली. ती घ्यायला आली तेव्हा तिने हुज्जत घातली नाही, रडली नाही. नोटीस दोन्ही हातांनी घेतली. मनगटावर इथून इथपर्यंत निळं झालेलं होतं. मी बघितलं, आणि म्हटलं, नेक्स्ट.



वृंदा : बाबा...

गुणवंत : मला त्या खिडकीच्या आतली बाजू माहीत आहे, म्हणून सांगतो. त्या व्हिसावर तुझं नाव छापलेलं असेल, पण तो तुझा नसेल. त्याने एक मेल टाकला की संपलं. आणि तुला लिहून द्यावं लागेल, की आम्ही एकत्र राहतो आणि पुढेही राहणार आहोत. म्हणजे एक तर खोटं लिहायचं, नाहीतर ते खरं करायचं.

वृंदा : मग मी करू काय?

गुणवंत : इंटरव्ह्यू दे. तिथे बायकांना मदत करणाऱ्या संस्था असतील, त्यातल्या एखाद्या वकिलाला भेट. त्याने काय केलं ते तारखांसकट लिहून ठेव. आणि त्या बाईंचा पत्ता त्याला कळू देऊ नको.

वृंदा : त्याला माहीत नाही. कोणालाच नाही. फक्त सरकारला आणि तुम्हाला.

*

अरुणा : लागला का फोन?

गुणवंत : उचलत नाही. तिकडे दुपारचे तीन वाजले असतील. त्या हॉस्पिटलच्या मेलने खचली असेल बिचारी. दोन राउंड झाले आणि म्हणतात, या वर्षी जागा भरायची नाही. सत्तावीस जून आज. नऊच दिवस राहिले.

अरुणा : मला माहीत आहेत किती राहिले ते. पुन्हा लावा.

गुणवंत : आत्ताच लावला ना. इतकी का कासावीस झालीस? बस खाली.

अरुणा : बसवत नाही. अहो, पुन्हा लावा.

गुणवंत : अरुणा, काय झालंय?

अरुणा : काही नाही.

गुणवंत : माझ्याकडे बघून सांग.

अरुणा : तुम्ही ओरडू नका. सकाळी तुम्ही बँकेत गेलात तेव्हा त्याचा फोन आला होता.

गुणवंत : कोणाचा?

अरुणा : श्यामचा. रडत होता हो. ‘आई, मी चुकलो,’ म्हणाला. ‘मला तिला परत आणायचं नाही, काही अट नाही. पण तिचं करिअर माझ्यामुळे बुडू नये. कागद तयार ठेवलेत, सह्या केल्यात. ती माझा फोन घेत नाही, मेल बघत नाही. कुरिअर करतो फक्त, तुम्ही...’

गुणवंत : काय दिलंस तू त्याला?

अरुणा : नऊ दिवस राहिलेत म्हणून हो! मला वाटलं, कागद तर येतील तिच्या हातात. जायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

गुणवंत : पत्ता दिलास?

अरुणा : कुरिअरसाठी म्हणाला तो. आईची शपथ घेतली त्याने.

गुणवंत : किती वाजता?

अरुणा : अकरा-साडेअकरा.

गुणवंत : म्हणजे तिकडचे सकाळचे सात. आठ तास. तुला कळतंय का काय केलंस? तिने जीव मुठीत धरून...

अरुणा : वाजतोय! तुमचा फोन वाजतोय, तिचाच आहे!

गुणवंत : वृंदा? वृंदा, हॅलो?

वृंदा : बाबा, हळू बोला. स्पीकरवर आहे, पण आवाज कमी केलाय. तो आलाय.

गुणवंत : कुठे आहे?

वृंदा : दाराबाहेर. पंधरा मिनिटं झाली. बेल वाजवतोय सारखी. मी खाली पॅसेजमध्ये आहे, दाराला पाठ लावून.

गुणवंत : दार आतून बंद आहे? नीट बघ. वरची कडी?

वृंदा : आहे. दोन्ही आहेत.

गुणवंत : त्या बाई कुठे आहेत?

वृंदा : मागच्या खोलीत झोपल्यात. दुपारी मशीन काढून ठेवतात कानातली. त्यांना बॉम्ब फुटला तरी ऐकू येणार नाही. बाबा, त्याने पाकीट टाकलंय आत, दारातल्या फटीतून.

गुणवंत : हात लावू नको.

वृंदा : उघडलं मी. सगळं आहे त्यात. त्याचं लेटर, त्याच्या व्हिसाची कॉपी, पगाराच्या स्लिपा, दोघांच्या नावाची लाइटची बिलं. लेटरवर सही आहे. आजची तारीख. खरंच केलीय सही. म्हणतोय, फक्त पाच मिनिटं दार उघड, तोंडावर सॉरी म्हणायचंय, मग जातो. अगदी हळू बोलतोय. पूर्वी बोलायचा ना, तसा.

गुणवंत : सगळे कागद आहेत?

वृंदा : सगळे. मी आज संध्याकाळी फॉर्म भरला तर जाईल, बाबा. नऊ दिवस आहेत. मला कुठेच दुसरा रस्ता नाहीये. पाच मिनिटंच म्हणतोय. उघडू? बाबा? तुम्ही सांगा ना, उघडू का? ...बाबा, बोला ना!

अरुणा : नको उघडू!

गुणवंत : अगं, हळू...

अरुणा : नको उघडूस, वृंदा! ऐकतेस ना? कागद गेले चुलीत. तू ये घरी. नोकरी नको, व्हिसा नको, काही नको. मला काय बोलायचं ते नंतर बोल, पण त्या दाराला हात लावू नकोस!

वृंदा : आई...

अरुणा : मागे हो. दारापासून मागे हो. झालीस?

वृंदा : हो. झाले.

गुणवंत : वृंदा, आता मी सांगतो तसं कर. घरात दुसरा फोन आहे?

वृंदा : किचनमध्ये. लँडलाइन.

गुणवंत : मग हा फोन बंद करू नको. असाच जिन्याच्या पायरीवर ठेव. किचनमध्ये जा आणि पोलिसांना लाव. आधी पत्ता सांग, मग नाव. मग सांग, की नवरा दाराशी आहे आणि त्याने पूर्वी मारलेलं आहे. ‘मारलं’ हा शब्द वापर. नंतर त्या बाईंना उठव. जा.

वृंदा : ठेवते इथे. बंद नका करू तुम्ही.

गुणवंत : नाही करत. जा.

अरुणा : बेलचा आवाज ऐकू येतोय, अहो.

गुणवंत : शू.

अरुणा : थांबली बेल. गेला का?

गुणवंत : नाही. बोलतोय काहीतरी. थांब.

अरुणा : मला हाक मारतोय तो. अहो, ‘आई’ म्हणतोय. ‘आई, तुम्ही आहात ना फोनवर, सांगा ना तिला.’ माझा आवाज ऐकला त्याने.

गुणवंत : उत्तर देऊ नको. काही झालं तरी नको देऊ.

अरुणा : कसा म्हणतोय बघा. जेवायला बोलवा म्हणायचा तसा.

गुणवंत : माझा हात धर. बोलू नको.

अरुणा : आता लाथा मारतोय. दाराला लाथा मारतोय! अहो, ते दार मजबूत असेल ना? तिकडची दारं लाकडाची असतात का? काचेची असली तर?

गुणवंत : वृंदा! वृंदा, ऐकू येतंय का?

अरुणा : तिला हाका मारू नका, ती इकडे यायची दाराजवळ!

गुणवंत : खरं आहे. खरं आहे तुझं.

अरुणा : चार हजार मैलांवर आहे माझी मुलगी आणि मी इथे फोन धरून बसलेय. काही तरी करा ना.

गुणवंत : केलंय जे करण्यासारखं होतं ते. आता थांबायचं. ...ऐक. ऐक, आवाज बंद झाला.

अरुणा : म्हणजे आत आला?

गुणवंत : नाही. दार तुटल्याचा आवाज आला असता.

वृंदा : बाबा? आहात?

अरुणा : आहोत, बाळा, आहोत! तू बरी आहेस?

वृंदा : पोलीस येतायत. मिसेस डॉसन उठल्या. त्यांनी खिडकी उघडून त्याला सांगितलं, मी तुझा फोटो काढलाय. खोटंच. हातात टीव्हीचा रिमोट होता. तो गेला. रस्ता ओलांडून गेला, मी पडद्यामागून बघितलं. गाडीत बसलाय, पण गाडी हलवत नाहीये.

गुणवंत : बसू दे. पोलीस येईपर्यंत फोन चालू राहील. पडद्यापासून लांब हो आणि त्या बाईंच्या शेजारी बस.

वृंदा : बसले, बाबा. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवलाय.

अरुणा : पाणी पी. घोटघोट. मी इथेच आहे. पिते आहेस ना? प्यायल्यावर सांग.

*

गुणवंत : उठलीस का? ये, बस. कूलरसमोर बस. चहा ठेवायला सांगू?

वृंदा : किती वाजले?

गुणवंत : अकरा. परवा विमानतळावरून आलीस तेव्हापासून झोपलीच आहेस. झोप हवी तेवढी. तुझ्या वकीलबाईंचा मेल आलाय. मी वाचला नाही, नुसतं नाव बघितलं.

वृंदा : मी वाचला पहाटे. मुदतीच्या आत, स्वतःहून देश सोडलाय, रेकॉर्डला काही डाग नाही. पुढे कोणी नोकरी दिली तर पुन्हा अर्ज करता येईल. पोलिसांनी त्याला ताकीद दिलीय, माझ्या आसपास यायचं नाही म्हणून.

गुणवंत : म्हणजे दार बंद झालेलं नाही.

वृंदा : आत्ता तिकडचं नाव नका काढू, बाबा. झोपेत अजून बेल वाजते. काल खाली भाजीवाल्याने हाक मारली तर मी पलंगाखाली सरकणार होते.

गुणवंत : नाही काढत. वृंदा, त्या दिवशी तू मला विचारलंस, ‘उघडू का?’ मी बोललो नाही.

वृंदा : हो.

गुणवंत : मला वाटलं होतं, तोंडातून ‘नाही’ निघेल. एवढं सगळं मीच तुला सांगितलं होतं. पण कागद पूर्ण आहेत म्हणालीस ना, आणि नऊ दिवस. एक क्षण मला नुसती फाइल दिसली. पूर्ण फाइल. तेवढं सांगायचं होतं.

वृंदा : मला पण तेच दिसत होतं, बाबा.

गुणवंत : मी जरा खाली जाऊन दूध घेऊन येतो. अरुणा, ही उठलीय. आणि तुला बोलायचं होतं ना तिच्याशी? बोलून घे.

अरुणा : जा तुम्ही. ...वृंदा, पोहे करू का?

वृंदा : नको. भूक नाही.

अरुणा : बरं. एक सांगायचंय तुला. विमानतळावरच सांगणार होते, पण तू अशी गळ्यात पडलीस की तोंड उघडलं नाही. तीन रात्री झोपले नाही मी.

वृंदा : आई, राहू दे.

अरुणा : नाही, राहू देत नाही. तुझा पत्ता मी दिला त्याला. तो रडला, मी विरघळले. तू सगळं सांगितल्यावरसुद्धा. शाळेत तीस वर्षं मुलांचं खोटं रडणं ओळखत आले, आणि तिथे... मीच दिला. तुझ्या बाबांना माहीत आहे. तुला कोणी सांगितलं नाही.

वृंदा : मला माहीत होतं.

अरुणा : बाबांनी सांगितलं?

वृंदा : त्यानेच सांगितलं. दारातून. बेल वाजवली आणि पहिलं वाक्य तेच. ‘तुझ्या आईनेच पाठवलंय मला.’

अरुणा : अगं! आणि तरी तू आम्हाला फोन केलास?

वृंदा : केला. मला वाटलं, आईने पाठवलंय, म्हणजे घरी सगळ्यांचं ठरलंय. म्हणजे आता जायचंच. तुम्हाला फक्त विचारायचं म्हणून विचारलं. खालची कडी मी काढली होती तेव्हा.

अरुणा : तू तर म्हणालीस, दोन्ही लावल्यात.

वृंदा : म्हणाले. एकच होती. वरच्या कडीवर हात होता माझा, आणि तू ओरडलीस.

अरुणा : माझ्या नावावर तू कडी काढलीस.

वृंदा : आई, रडू नको ना. सांगितलं मी, कारण तू झोपत नाहीस.

अरुणा : सरक जरा तिकडे. मला बसू दे तुझ्याजवळ.